घरी काय बनवायचं, काय नाही: कोरडवाहू घराचा वर्षाचा हिशेब

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. यवतमाळ जिल्हा, पाच एकर कोरडवाहू. तीन एकरात कपाशी, दोन एकरात सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी. घरात तुम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड, सॉस असं सगळं घरी बनवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले. आता विचारताय की हे सगळं घरी केलं तर महिन्याला किती पैसे वाचतील आणि सुरुवात कुठून करावी. सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय की तूर पाचेक क्विंटल होते, ती फेब्रुवारीत सगळी विकतो, आणि पोळा येईपर्यंत किराणा दुकानाची उधारी वीस हजारांवर जाते.

तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. साबणाचं मी पुढे सांगतेच, पण आधी ती उधारी.

मी वर्धा जिल्ह्यात बचत गटांच्या बायांसोबत बरीच वर्षं काम करते आहे आणि आमचं स्वतःचं घरही कोरडवाहू शेतीवरच चालतं. आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं, कापसाचे वेचे दिवाळीपासून पुढे सुरू राहतात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरी येते. होळीनंतर येणारा पैसा थांबतो. मग मृगाच्या तोंडावर बियाणं, खत, लेकरांची पुस्तकं, गणवेश, सगळं एकदम येतं. आषाढ-श्रावणात घरात रोकड नसते आणि तेव्हाच तेल, डाळ, साखर, पीठ उधारीवर येऊ लागतं. म्हणून 'महिन्याला किती वाचेल' या प्रश्नाला नोकरदाराच्या घरात अर्थ आहे. आपल्या घरात विचारायचं ते हे, की जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत दुकानातून काय काय आणावं लागणार नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. उन्हाळ्यात घरी पाणी किती असतं, रेशन कार्ड कोणतं आहे, तुम्ही मजुरीला जाता का, सासूबाईंच्याने काम होतं का, आणि घरात विक्रीचा निर्णय कोण घेतं. हे मला माहीत नाही, म्हणून पुढचे आकडे तुमच्या घराला लावून बघा. जसेच्या तसे धरू नका.

सुरुवात तुरीपासून करा.

पाच माणसांच्या घरात दोन वेळचं वरण, कधी फोडणीची डाळ, कधी डाळभाजी धरली तर दिवसाला साधारण दोनशे ग्रॅम डाळ लागते. महिन्याला सहा किलो, वर्षाला सत्तरच्या आसपास. एक क्विंटल तूर नीट भरडली तर साधारण सत्तर किलो डाळ मिळते. म्हणजे तुमच्या पाच क्विंटलांपैकी एक क्विंटल घरात राहिली की वर्षभराच्या वरणाची सोय झाली. आमच्या गटातली एक आजी नेहमी म्हणते, 'तूर आपन पिकवतो अन् दाय दुकानदाराची खातो.' गावागावांत हेच चाललंय.

आता पैशाचा हिशेब बघा, तोही फुगवून सांगत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला होता. व्यापाऱ्याकडे बऱ्याचदा त्याहून कमीच मिळतो, पण आपण ८,००० च धरू. त्यातून सत्तर किलो डाळ निघाली तर डाळ किलोला ११५ च्या आसपास पडली, वर भरडाईचे थोडे. दुकानात तीच डाळ १४० ने मिळत असेल तर वर्षाला दीड-पावणेदोन हजारांचा फरक. शिवाय निघालेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल गाई-बकऱ्यांना जातं. फरक एवढाच आहे आणि काही वर्षी तो याहूनही कमी असतो. मग मी एवढा जोर का देते? कारण ही डाळ नेमकी त्या पाच महिन्यांत घरात असते, जेव्हा दुकानातून आणली तर उधारीवर आणावी लागते. उधारीवर आणताना आपण भाव विचारत नाही, वजनाबद्दल बोलत नाही, चांगल्या-वाईटाची निवड करत नाही. आणि ती उधारी फेडायला दसऱ्याच्या आधी, ओलं सोयाबीन, मिळेल त्या भावात विकून मोकळं होतो. डाळ घरात असल्याचा फायदा सोयाबीनच्या भावात दिसतो, तो डाळीच्या हिशेबात कधी येत नाही.

डाळ करायची रीत सासूबाईंना माहीत असेल, पण तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी ती पाहिलेली नसते, म्हणून सांगते. तूर आधी चाळून, निवडून घ्यायची. पिचके, फुटके, किडके दाणे बाजूला. मग पाण्यात चार-पाच तास भिजवायची, पाणी निथळवायचं आणि रात्रभर ओल्या बारदान्याखाली ढीग करून ठेवायचा, म्हणजे ओल सगळ्या दाण्यांत सारखी मुरते. दुसऱ्या दिवसापासून अंगणात किंवा स्लॅबवर पातळ पसरायची. चैत्र-वैशाखातलं आपलं ऊन यासाठी सोन्यासारखं आहे, दोन-तीन कडक उन्हांत काम होतं. दिवसातून तीन-चारदा हात फिरवायचा आणि संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, नाहीतर रात्रीचा गारवा परत आत शिरतो. वाळली का हे बघायला एक दाणा दाढेखाली घ्या. कट्कन दोन फाका झाल्या तर तयार. दबला, चिकट लागला तर अजून एक ऊन द्या. ओलसर तूर भरडली की डाळीचा चुरा होतो आणि तिथेच क्विंटलमागे पाच-सात किलो जातात.

भरडायला जातं असेल तर पंधरा-वीस किलोपर्यंत ठीक आहे. पूर्ण क्विंटल जात्यावर भरडा असं मी कोणत्याही बाईला सांगणार नाही, खांदे-कंबर धरतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं बनवलेली मिनी दाल मिल आता विदर्भात बऱ्याच बचत गटांकडे आहे. तिथे नेणार असाल तर घरी काही भिजवू नका, नुसती निवडलेली तूर न्या. त्यांची रीत वेगळी असते. आधी दाण्याला ओरखडे देतात, मग तेल-पाणी लावून मुरत ठेवतात, वाळवून मग भरडतात. भरडाई किलोमागे किती आणि चुनी कोणाची, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी चुनी मिलवाला ठेवतो आणि भरडाई कमी घेतो. घरी ढोरं असतील तर तो सौदा परवडत नाही.

डाळ ठेवताना पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उन्हातून उचलून गरम गरम भरली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि मग जाळी धरते. आख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगा कमी लागतो, म्हणून घरची तूर पावसाळ्याच्या आधीच डाळ करून ठेवलेली बरी. किलोला चमचाभर गोडं तेल चोळून ठेवलं तर आणखी टिकते. एक गोष्ट मात्र पक्की सांगते, फवारणीच्या औषधाचा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी त्यात डाळ, तेल, पाणी काही ठेवायचं नाही.

तुरीसारखाच विचार हरभऱ्याचा, मुगाचा, जे काही वावरात होतं त्याचा. मूग-बरबटीच्या (चवळीच्या) दोन ओळी कपाशीच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाच्या बाजूला टाकल्या तर विकण्याइतकं होत नाही, पण घरच्या वड्यांपुरतं होतं. ज्वारीचं मात्र जपून. आपल्याकडे ज्वारी जवळपास गेलीच, कारण रानडुकरं आणि पाखरं राखू देत नाहीत. एकट्या तुमच्या वावरात अर्धा एकर ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं तिथेच उतरतील. शेजारचे दोघं-तिघं लागून पेरणार असतील तरच विचार करा. रेशन कार्डावर धान्य मिळत असेल तर प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी पाच किलो, म्हणजे तुमच्या घराला पंचवीस किलो धान्य मोफत येतं. ते गाडीवाल्याला स्वस्तात देऊन टाकू नका. तांदूळ मोठा वाटतो, पण इडली-दोसा, पातोड्याचं पीठ, पापड, सगळ्यात तो चालतो.

तिखट-हळदीचं पटकन सांगते. पाकिटं घेणं बंद करा. नवी मिरची बाजारात आली की आख्खी घ्या. भिवापुरी मिळाली तर चवीला आणि रंगाला उत्तम, नाही तर तुमच्या आठवडी बाजारात जी खात्रीची असेल ती. देठं खुडून दोन उन्हं द्या आणि कांडपावर कुटून आणा. हळदही आख्खी घेऊन दळा. आमच्या समुद्रपूरकडे वायगावची हळद मिळते, तुमच्याकडे ओळखीच्या शेतकऱ्याची बघा. चार-पाच घरांनी मिळून पोतं उचललं तर भाव अजून खाली येतो. हे एका आठवड्याचं काम आणि वर्षाची निश्चिंती.

तेलाचं मात्र मन मोडावं लागेल. किराण्याच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा तेलाचा असतो आणि 'घाण्याचं तेल काढू' असं सगळ्यांच्या मनात येतं. सोयाबीन तुम्ही पिकवता, पण त्यात तेल थोडं असतं, गावच्या घाण्यावर ते परवडेल असं निघत नाही. फल्ली, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, विकत घेऊन तेल काढाल तर एका लिटरला अडीच-तीन किलो दाणे जातात, म्हणजे ते दुकानातल्या सोयाबीन तेलापेक्षा महागच पडतं. चांगलं असतं, पण स्वस्त नाही. घरची फल्ली, तीळ किंवा करडी असेल तर गोष्ट वेगळी. करडी भारी जमिनीत हिवाळ्याच्या ओलीवर येते आणि काट्यांमुळे जनावरं तिच्या वाटेला कमी जातात, म्हणून ज्यांच्या जमिनीत ओल टिकते त्यांनी कपाशीच्या ऐवजी नाही, पण सोयाबीन काढल्यावर एखादा तुकडा करून बघण्यासारखा आहे. बाकीच्यांनी तेल मोजून वापरायचं. महिन्याच्या तेलाचे चार भाग करा, चार बाटल्यांत भरा, एका आठवड्याला एकच बाटली. हात आपोआप आखडतो. आमच्या गटातल्या कितीतरी घरांत फक्त एवढ्यानं महिन्याला एक पाकीट कमी लागायला लागलं.

आता तुमच्या साबणाकडे येते.

घरी काय बनवायचं हे ठरवताना मी सगळ्या बायांना एकच हिशेब करायला लावते. तुमच्या गावात निंदणाची बाईची जी रोजी असेल ती आठनं भागा. समजा रोजी ३०० असेल तर तासाला ३७-३८ रुपये. आता जी वस्तू घरी बनवणार तिला किती तास लागतात आणि तिच्यातून किती रुपये वाचतात ते मांडा. तासाला चाळीस रुपयांपेक्षा कमी वाचत असेल तर ते काम पैसे वाचवत नाही, तुमची ताकद फुकट घेतं. मजुरीला जात नसाल तरी हाच हिशेब लावा, कारण तुमच्या तासाला किंमत आहे.

साबण घ्या. पाच माणसांच्या घरात अंगाचे, कपड्यांचे, भांड्यांचे साबण, पावडर, पेस्ट मिळून महिन्याला चारशे ते सहाशेच्या आत खर्च मला बहुतेक ठिकाणी दिसतो. घरी साबण करायला तेल विकत, कॉस्टिक विकत, महिनाभर मुरवत ठेवायला जागा, आणि शेवटी वडीमागे वाचतात दोन-चार रुपये. त्यात कॉस्टिक सोडा अंगावर उडाला तर जाळतो, आणि तुमच्या घरी लेकरं आहेत. याची काही गरज नाही. भांड्यांना राख आणि लिंबाची सालं, केसांना रिठा-शिकेकाई हे मिळत असेल तर जरूर वापरा, त्याला वेळ लागत नाही. दातांना मात्र राख, कोळसा, मिश्री नको. दातांचं आवरण झिजतं आणि मग दातांच्या डॉक्टरकडे एका भेटीत पाच वर्षांच्या पेस्टचे पैसे जातात. सॉस, चॉकलेट, केक हे हौसेनं करा, बचतीच्या वहीत लिहू नका.

याच हिशेबात पास होणाऱ्या गोष्टी बघा. मूगवड्या, सांडगे, कुरड्या, उन्हाळ्यात वाळवलेली गवार, वांगी, मेथी, यांना ऊन फुकट आहे, माल स्वस्त असतो आणि खायला मिळतं भर पावसाळ्यात, जेव्हा बाजारात भाजीचा भाव विचारवत नाही. फक्त एकटीनं करू नका. चार घरच्या बाया एकेक दिवस एकेकीकडे बसल्या तर कामही हलकं होतं आणि मोठं पातेलं, साचा, ताट्या प्रत्येकीला विकत घ्याव्या लागत नाहीत. लेकरांसाठी पाच-दहा रुपयांच्या पुड्या रोज येत असतील तर त्याचा महिन्याचा हिशेब लिहून बघा. दोन लेकरांना रोज दहा-दहा म्हणजे सहाशे रुपये, तुमच्या सगळ्या साबणाइतके. फुटाणे, मुरमुरे, फल्लीदाणा-गुळाचे लाडू एका दुपारी होतात आणि आठ-दहा दिवस पुरतात.

इथे एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे. 'घरगुती, साधं जगणं' हे ऐकायला गोड वाटतं, पण प्रत्यक्षात ते सगळं एका बाईच्या पाठीवर येतं. पहाटे उठून स्वयंपाक, मग वावर, आल्यावर पुन्हा चूल, आणि त्यात आता साबण, सॉस, परसबाग. अशा कितीतरी बायांना मी दोन महिन्यांत थकून सगळं सोडून देताना पाहिलंय, आणि मग घरचेच म्हणतात की हिच्याच्यानं काही होत नाही. म्हणून ठरवतानाच कामं वाटून घ्या. तूर मिलवर नेणं-आणणं, मिरचीचं पोतं कांडपावर नेणं, परसबागेचं कुंपण, ही तुमच्या मालकांची कामं. निवडणं, वाळवणावर लक्ष ठेवणं, बियाणं राखणं हे सासूबाईंना कुणापेक्षाही जास्त कळतं, त्यांना विचारा, त्यांच्या हातात द्या. लेकरं संध्याकाळी झाडांना पाणी घालू शकतात. कुणीच हात लावणार नसेल तर यादीतल्या अर्ध्या गोष्टी खोडा आणि डाळ, तिखट, तेलाच्या बाटल्या एवढ्यावरच थांबा. तेवढंही पुष्कळ आहे.

परसबाग उन्हाळ्यात पाणी असेल तशी करा. पाणी कमी असेल तर भांड्या-आंघोळीच्या पाण्यावर जगेल तेवढंच लावा. शेवग्याची दोन झाडं, एक कढीपत्ता, एक लिंबू, एक पपई. शेवगा एवढ्यासाठी की शेंगा संपल्या तरी पाला राहतो, भाजीत, भाकरीच्या पिठात, वरणात कुठेही जातो. पावसाळ्यात कुंपणावर दोडके, कारली, वालाचा वेल चढवा. अंबाडी वावरातच तुरीच्या कडेनं टाका, भाजी खा, बोंडांची चटणी करा. पहिल्या पावसानंतरचा तरोटा, घोळ, चिवळ या भाज्या तर पैसे न देता मिळतात, पण आता एक काळजी घ्यावी लागते. सोयाबीनच्या वावरात आणि धुऱ्यावर तणनाशक मारतात, त्या पट्ट्यातली भाजी कितीही कोवळी दिसली तरी खुडू नका. कुठे फवारलंय ते शेजाऱ्याला विचारून घ्या. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

सरपणाचं थोडक्यात. तुराटी-पऱ्हाटी वावरात जाळण्यापेक्षा घरी आणा आणि आंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर तापवा. रोजचा स्वयंपाक गॅसवरच राहू द्या, धूर तुमच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. चार-पाच ढोरं आणि बारमाही पाणी असेल तर दोन घनमीटरच्या गोबरगॅसचा विचार करा, त्याला रोज साधारण पन्नास किलो शेण लागतं. एका बैलजोडीवर तो चालत नाही.

आता अशी गोष्ट सांगते जी त्या व्हिडिओंत नसते. शेतकऱ्याच्या घरात घरी बनवण्यासारख्या सगळ्यात फायद्याच्या दोन वस्तू स्वयंपाकघरात नाहीत, वावरात आहेत.

पहिली, सोयाबीनचं बियाणं. कपाशीचं बीटी बियाणं संकरित आहे, ते दरवर्षी विकत घ्यावंच लागतं. सोयाबीनचं तसं नाही. एकदा चांगल्या जातीचं प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्यापासून घरचं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं. तुमच्या दोन एकरांना एकरी तीस किलोप्रमाणे साठ किलो लागेल. पेरणीच्या वेळी बॅगेतलं बियाणं साधारण बाजारातल्या सोयाबीनच्या दुप्पट भावानं पडतं, म्हणजे इथे एका फटक्यात दोन-तीन हजार वाचतात, तेही जूनच्या तोंडावर, रोकड नसताना. त्यासाठी काढणीच्या वेळीच बियाण्याचा तुकडा वेगळा ठेवा. पावसात भिजलेला माल बियाण्याला नको. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं, म्हणून मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आत ठेवायला सांगा. यंत्रवाला घाई करेल, तिथे कुणीतरी घरचं उभं राहायला हवं. वाळवून ठेवा, पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, एकावर एक फार रचू नका आणि आदळू नका.

मे महिन्यात उगवण बघा. न निवडता शंभर दाणे मोजा, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरा ओला तुकडा टाकून हलक्या हातानं गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो पेरा. साठ-पासष्ट असतील तर बियाणं थोडं वाढवा. साठच्या खाली असेल तर ते सोयाबीन विकून टाका आणि बॅग आणा. शिवाय ही परीक्षा मे महिन्यातच झाल्यामुळे ऐनवेळी दुबार पेरणीचं संकट तरी बियाण्यामुळे येत नाही.

दुसरी वस्तू निंबोळी अर्क. जून-जुलैत कडूनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. लेकरांना गोळा करायला लावा, गर काढून धुवा, सावलीत वाळवून जाळीदार पोत्यात ठेवा. फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो निंबोळी कुटून नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. हा पाच टक्के अर्क झाला. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. मावा-तुडतुडे दिसायला लागले, पतंग अंडी घालायला लागले की हा उपयोगाचा. अळ्यांनी पीक खायला सुरुवात केली असेल तर एकट्या अर्कावर विसंबू नका, कृषी सहायकाला विचारून पुढचं ठरवा. सुरुवातीच्या एक-दोन फवारण्या यावर निभावल्या तरी औषधाच्या दुकानातली उधारी तेवढी कमी होते, आणि ती उधारी किराण्याहून मोठी असते.

इथपर्यंतचं जुळवून बघा. डाळ, तिखट-हळद, मोजून तेल, पुड्या बंद, घरचं सोयाबीन बियाणं, एखादी फवारणी. तुमच्यासारख्या घरात हे सगळं मिळून वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात जाऊ शकतं, आणि त्यातला मोठा भाग जून ते ऑक्टोबर या काळातला आहे. साबण यात कुठेच नाही.

आणि एवढं करूनही दोन भोकं उघडी राहिली तर काही शिल्लक राहणार नाही. एक व्याज. पावसाळ्यात सावकाराकडून महिन्याला शेकडा तीननं वीस हजार घेतले तर पाच महिन्यांत तीन हजार व्याज जातं, म्हणजे डाळीत वाचलं त्याच्या जवळपास दुप्पट. त्यापेक्षा गटातून घ्या, तिथलं व्याज कमी असतं आणि ते आपल्याच गटात राहतं. पीक कर्ज असेल तर ते वेळेत फेडायचा हिशेब तूर विकतानाच करा, कारण वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळतो, थकलं की तो जातो. दुसरं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची घोटलेली पुडी. घरातलं माणूस वीस रुपयांचे दोन खर्रे रोज खात असेल तर वर्षाला १४,६०० रुपये होतात. तुमच्या घरी असं आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर भांडणातून हे सुटत नाही. आमच्या गटांत ज्या घरांत फरक पडला तिथे बाईनं काही न बोलता घरखर्चाची वही रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर लिहायला सुरुवात केली आणि लिहायचं काम मोठ्या लेकराला दिलं. महिनाअखेरीस लेकरानंच बेरीज वाचून दाखवली.

औषध, लेकरांचं दूध-अंडी आणि तुमचं स्वतःचं जेवण, यात मात्र एक रुपयाही वाचवायला जाऊ नका. शेवटी उरेल ते खाणाऱ्या बाया मी रोज बघते, आणि त्यांच्या अंगात रक्त नसतं.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. मागच्या वर्षी जून ते ऑक्टोबर दुकानाच्या खात्यावर काय काय चढलं त्याची नक्कल दुकानदाराकडून मागून घ्या आणि त्यात तेल, डाळ, साखर, पुड्या वेगवेगळं लिहा. घरात आज तूर किती शिल्लक आहे ते सांगा. आणि तुमच्या तालुक्यात कोणत्या गटाकडे दाल मिल आहे ते उमेदच्या (बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या) तालुका कार्यालयात विचारा, अंतर आणि भरडाईचा दर कळवा. मिल वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर एकदाच क्विंटलभर नेणं परवडेल. लांब असेल तर शेजारच्या तीन-चार घरांची तूर एकाच गाडीत कशी न्यायची ते मग बघू.